मी हत्तीचे मागचे पाय होते

जुन्या कामाचे किस्से आणि स्वयंपाकघरातले प्लास्टिकचे डबे, दोन्ही कधी वाढतात ते कुणाला कळत नाही. एक शोधायला कपाट उघडावं, तर दहा अंगावर पडतात! माझ्या निम्म्या किश्शांची तर आता झाकणंही सापडत नाहीत. पण या दिवाळीनंतर निलूताईने जे काही आरंभलं, त्याने सगळेच एकदम खाली आले. म्हटलं, विसरायच्या आत सांगून टाकावेत.

आधी ओळख. मी शुभा. लग्न केलं, बँकेत नोकरी केली, रिटायर झाले, आता नोएडात राहते. पण माझं खरं करिअर विचाराल तर मी सहा वर्षं हत्तीचे मागचे दोन पाय होते. हसू नका! टीव्हीवर रविवारी सकाळी 'नीम के नीचे' नावाचा मुलांचा कार्यक्रम लागायचा. आज पन्नाशीला टेकलेल्या मंडळींना बरोब्बर आठवेल. त्यात एक अस्वल मास्तर होते, एक चहाडखोर बदक होतं आणि एक हत्ती होता, भोंपू चाचा. चाचा बोलायचा नाही, नुसता पों पों करायचा. त्याच्या पुढच्या पायांत निलूताई आणि मागच्या पायांत मी.

निलूताई आता अडुसष्टची आहे आणि काचबिंदूने तिची नजर कडांकडून आकसत चाललीय. गेल्या महिन्यात मीच तिला डॉक्टरांकडे घेऊन गेले होते. डॉक्टर म्हणाले, गेलेली नजर परत येणार नाही, उरलेली किती दिवस टिकेल तेही सांगता येत नाही. निलूताईने शांतपणे ऐकून घेतलं, चष्मा पुसला आणि बाहेर ई-रिक्षात बसता बसता म्हणाली,

"शुभे, पूर्ण अंधार व्हायच्या आत एकदा हत्ती चालवायचा. स्टेजवर. ठरलं म्हणजे ठरलं."

रिक्षावाल्याने वळून बघितलं. त्याला मराठी येत नव्हतं, पण तिचा आवाजच तसा होता.

* * *

आम्ही हत्तीत शिरलो कशा, तो पहिला किस्सा.

दोघी राजधानीतल्या आर. के. पुरमच्या, सरकारी क्वार्टर्समधल्या. माझे बाबा सरकारी नोकरीत, तिचा नवराही सरकारी नोकरीत. माझं कॉलेज चालू होतं आणि ती माझ्यापेक्षा आठ-नऊ वर्षांनी मोठी, नवं लग्न झालेली. दरवर्षी गणपतीत कोपर्निकस मार्गावरच्या एका जुन्या हॉलमध्ये आपल्या मराठी लोकांचं नाटक व्हायचं. त्यात निलूताई नेहमी असायची, कारण तिला नको म्हणायची कुणाची छाती नव्हती. मी मागे पडदा ओढायचे.

एका वर्षी नाटकाला भटनागरसाहेब आले. टीव्हीचे प्रोड्युसर. एक अक्षर मराठी कळत नसताना तीन अंक बसले, आणि शेवटी विंगेत येऊन निलूताईला म्हणाले, "मॅडम, आपकी चाल में वज़न है. हमें एक हाथी चाहिए."

निलूताई खुश! मग साहेबांनी माझ्याकडे बघितलं. मी तेव्हा पाच फूट, त्यातही वाकून पडदा ओढत होते.

"और ये," साहेब म्हणाले, "झुकी हुई ही आती हैं क्या?"

माझं सिलेक्शन एवढ्यावर झालं.

* * *

आता आतली व्यवस्था समजून घ्या, नाहीतर पुढचं कळणार नाही.

पुढच्या माणसाला हत्तीच्या तोंडातल्या जाळीतून दिसतं. उजवा हात सोंडेत, डाव्या हातात रबरी भोंपू. मागच्या माणसाला काही म्हणजे काही दिसत नाही. त्याने वाकायचं, पुढच्याच्या कमरेचा पट्टा धरायचा आणि चालायचं. म्हणून निलूताईने टाचेची भाषा बसवली होती. तिची टाच माझ्या पायावर एकदा आपटली की चल. दोनदा आपटली की थांब. तीनदा आपटली की बस. शिवाय तिची हळू आवाजात मराठीत कॉमेंट्री चालायची. "वायर आहे, पाय उचल. बदक मध्ये आलंय, मेलं. आता डावीकडे."

या टाचेने माझ्या लग्नात माझा घात केला.

अग्नीभोवती फेरे चालले होते. नवरा पुढे, मी मागे, उपरण्याला शेल्याची गाठ. नवरा बिचारा घाबरलेला, धोतराची सवय नाही, पावलं कशीही पडत होती. त्याची टाच माझ्या अंगठ्यावर आपटली. एक, दोन, तीन!

आणि मी मटकन खाली बसले. चांगली मांडी घालून बसले.

गुरुजींचा मंत्र थांबला. नवरा गाठीला हिसका बसून मागे आला. सासूबाई "चक्कर आली, पाणी आणा" म्हणून ओरडायला लागल्या. मला स्वतःला कळेना की मी का बसले! तेवढ्यात पाहुण्यांतून निलूताईचा आवाज आला,

"जावईबापू, पाणी नको! एक टाच मारा, उठेल ती!"

त्याने मारली. मी उठले. आज इतकी वर्षं झाली, घरात भांडण झालं की नवरा मुद्दाम तीनदा पाय आपटतो.

* * *

भटनागरसाहेबांचा एक नियम होता. लहान मूल समोर असताना डोकं काढायचं नाही. आग लागली तरी नाही! "बच्चे के सामने हाथी, हाथी है," असं ते म्हणायचे.

एकदा एक शाळा शूटिंग बघायला आली. पहिली-दुसरीची तीसेक पोरं. शूटिंग संपलं, जेवणाची वेळ झाली, आणि त्यांची बस बिघडली. पोरं तिथेच डबे उघडून बसली. आता आम्ही काय करणार? अस्वल बसलं भिंतीला टेकून, पुढ्यात डाळभात गार होत होता. बदकाने चोचीतून पाणी प्यायचा प्रयत्न करून गळ्याखालची सगळी पिसं भिजवली. आम्ही दोघी हत्तीत उभ्या. भूक अशी लागली होती की माझ्या पोटातला आवाज बाहेर ऐकू गेला असेल.

एक छोटी मुलगी आली. "चाचा, भूख लगी है?"

निलूताईने अगदी बारीक आवाजात पों केलं.

मुलीने अर्धा पराठा सोंडेत सरकवला. निलूताईने तो आतून ओढून घेतला, निम्मा खाल्ला, निम्मा पाठीमागे माझ्याकडे दिला. "घे, आलूचा आहे." मुलगी आनंदाने किंचाळली. झालं! रांगच लागली. पुरी आली, सँडविच आलं, राजमा-चावल आले, ते मात्र सोंडेच्या कोपरात अडकले. मी अंधारात वास घेऊन ओळखत होते काय आलंय ते. इतकं जेवले की वाकता येईना.

संध्याकाळी त्यांच्या बाईंचा साहेबांना फोन आला. "सर, हमारे आधे बच्चे भूखे घर गए हैं. पेरेंट्स पूछ रहे हैं, और बच्चे कह रहे हैं हाथी खा गया!"

साहेब आमच्याकडे बघत म्हणाले, "मॅडम, बच्चे झूठ नहीं बोलते."

* * *

पण निलूताई बोलायची खोटं. पट्टीची खोटारडी!

त्या दिवशी माझा मूड साफ गेलेला. बीएच्या दुसऱ्या वर्षाला मी एका विषयात उडाले होते. आई घरी बोलली होती, "हत्तीचे पाय होऊन कुणाचं पोट भरतं का?" मला ते फार लागलं होतं. मेकअप रूममध्ये मी निलूताईला सांगून टाकलं की आज शेवटचं, उद्यापासून मी येणार नाही. तिने हत्तीचं डोकं उचललं. आम्ही आत शिरलो.

त्या दिवशी हत्तीचा मोठा नाच होता, मुलांसमोर. म्युझिक सुरू झालं. टाच आपटली, मी हललेच नाही. पुन्हा आपटली, मी तशीच. मग पुढून तिचा आवाज आला,

"अगं शुभे, काय सांगू तुला! खचाखच भरलंय! वर लाइटच्या गॅलरीतसुद्धा पोरं लटकलीयत. एक छोटा शेपटीकडे बोट दाखवून हसतोय बघ!"

शेपटी माझ्या ताब्यात असायची. ऐकलं आणि मला काय झालं कुणास ठाऊक, मी जी नाचले, जी नाचले! कंबर दुखेपर्यंत शेपटी फिरवली. म्युझिक थांबलं, निलूताईने खुशाल डोकं काढलं आणि मी घामाघूम होऊन बाहेर आले.

स्टुडिओ रिकामा! शाळेचं येणं रद्द झालं होतं, साहेब नुसती नाचाची टेप करून घेत होते. गॅलरीत एक लाइटमन होता, तो पाय पसरून झोपला होता.

"खोटारडी!" मी ओरडले. "एवढं खोटं!"

"नाचलीस ना?" ती म्हणाली आणि केस पुसत निघून गेली.

मी दुसऱ्या दिवशी गेले. पुढची चार वर्षं गेले.

* * *

कार्यक्रम बंद झाला तेव्हा हत्ती फेकणार होते. निलूताईने तो घरी आणला. धड दिवाणाच्या पोटात, रजयांबरोबर. डोकं कपाटावर, जुन्या साडीत गुंडाळलेलं. पुढे भावोजी, म्हणजे तिचे मिस्टर, रिटायर झाले आणि क्वार्टर सोडून नोएडाला फ्लॅटमध्ये जायचं ठरलं. सामान ट्रकमधून गेलं. डोकं ट्रकमध्ये द्यायला ती तयार नव्हती. मागच्या सीटवर ते मावेना, म्हणून पुढच्या सीटवर ठेवून वर बेल्ट लावला. भावोजी चालवतायत, शेजारी हत्ती, मागे आम्ही दोघी.

नोएडात शिरताना ट्रॅफिक पोलिसाने हात केला. चाळिशीचा, मिशीवाला, दांडगा माणूस. खिडकीतून वाकला आणि वाकलेलाच राहिला.

"भोंपू चाचा?" तो म्हणाला. आवाज एकदम लहान मुलासारखा झाला होता.

निलूताईने पर्समधून रबरी भोंपू काढून मागून पों केलं. त्याने चक्क सॅल्यूट ठोकला! आम्हाला वाटलं, चलो, सुटलो. त्याने सोंडेवरून हात फिरवला, बेल्ट नीट बसलाय का पाहिला, मग भावोजींकडे वळला.

"चाचा ने बेल्ट लगाई है. आपकी कहाँ है?"

आणि दंडाचं चालान फाडलं! भावोजी अजून त्या हत्तीशी बोलत नाहीत.

* * *

तर अशी ही बाई. ती ठरलं म्हणाली म्हणजे ठरलंच.

नोएडातल्या एका मीडिया ऑफिसात तन्वी नावाची मुलगी आहे. जुन्या कार्यक्रमांवर व्हिडिओ करते. तिने निलूताईला शोधून काढलं आणि 'नीम के नीचे'वर एका सकाळचा कार्यक्रम करू म्हणाली. जागा तीच, कोपर्निकस मार्गावरचा तो जुना हॉल. तन्वीचा प्लॅन असा की हत्तीत कॉलेजचे दोन डान्सर घालायचे, आणि आम्ही दोघींनी खुर्चीवर बसून सत्कार घ्यायचा.

"शाली माझ्याकडे आठ आहेत," निलूताई म्हणाली. "हत्तीत मी जाणार. शुभा जाणार."

"आंटी, रिस्क है."

"बिल्कुल है," निलूताई म्हणाली.

घरी भावोजी चिडले. "निलू, पडलीस तर?"

"पडला तर हत्ती पडेल. मी आत असेन."

आमच्या सोसायटीच्या पार्कात प्रॅक्टिस सुरू झाली. माझी कंबर साठीची, तिचे गुडघे त्याहून मोठे. पहिल्या दिवशी ती पुढे शिरली, मी मागे. टाच आपटली, चाललो. चार पावलांवर कुंडी फुटली. पुन्हा चाललो, तर गार्डच्या खुर्चीला धडकलो, आणि सुदैवाने गार्ड पळाला होता. तिसऱ्यांदा आम्ही सरळ हेजमध्ये घुसलो आणि ती थांबली.

मी बाहेर आले. तिने डोकं काढलं, मांडीवर घेतलं आणि बेंचवर बसून राहिली. त्या जाळीतून तिला काहीच दिसत नव्हतं. आधीच नजर एवढीशी, त्यात ती काळी जाळी. मला रडू आवरेना. म्हटलं, "ताई, राहू दे गं. खूप झालं."

ती म्हणाली, "शुभे, मागच्याला कधी काही दिसायचं का?"

"नाही."

"सहा वर्षांत एकदाही?"

"कधीच नाही, ताई."

"मग मागे मी!" ती उठली. "उगाच रडत काय बसलीस? डोकं घाल."

आता घाबरायची पाळी माझी! मी जन्मात कधी पुढे चालले नव्हते. सोंड हलवली तर पाय विसरायचे, पायाकडे लक्ष दिलं तर सोंड लोंबायची. ती मागून पट्टा ओढून शिव्या घालायची. "सोंड आहे ती, ओला टॉवेल नाही!" भोंपू मात्र तिने सोडला नाही. तन्वी हळूच म्हणाली, "आंटी, हाथी की आवाज़ पीछे से आ रही है." निलूताई आतून म्हणाली, "आने दो."

वीस दिवस आम्ही रोज सकाळी चाललो. शेवटी शेवटी गार्ड खुर्चीवरून उठेनासा झाला, इतका त्याला भरवसा आला होता.

* * *

आणि मग तो रविवार.

आठवडाभर हवा अशी होती की समोरचा टॉवर दिसत नव्हता. शाळा ऑनलाइन, मुलांना बाहेर काढू नका असे सगळ्या ग्रुपवर मेसेज. आदल्या दिवशी तन्वीचा फोन आला. पुढे ढकलू या म्हणाली. निलूताईने फोन माझ्या हातातून घेतला.

"पुढच्या तारखेपर्यंत माझे डोळे थांबतील का, ते विचारून सांग," ती म्हणाली, मग तेच हिंदीत म्हणाली. तन्वीने तारीख तशीच ठेवली.

आम्ही मास्क लावून गेलो. हॉल तसाच होता, तीच विंग, तीच पडद्याची दोरी. निलूताईने भिंतीला हात लावून लावून सगळं ओळखलं. "इथे खिळा होता, साडी अडकायची माझी. हा बघ, अजून आहे!" भावोजी विंगेत खुर्ची टाकून बसले, मांडीवर पाण्याची बाटली आणि बाम. हत्तीच्या अंगावर तिने स्वतः नवी झूल शिवली होती, डोळ्यांत औषध घालून घालून, टाके हाताने चाचपत.

आम्ही आत शिरलो. तिने माझ्या कमरेचा पट्टा धरला. तिचं कपाळ माझ्या पाठीला टेकलं होतं, गरम लागत होतं.

पडदा उघडला. म्युझिक सुरू झालं, तेच जुनं.

आणि मी जाळीतून समोर पाहिलं. सहा वर्षं नाचले, पण समोर काय असतं ते मी पहिल्यांदा बघत होते. लाल खुर्च्या होत्या. रांगांवर रांगा नुसत्या लाल खुर्च्या. तीन रांगांत मिळून सतरा माणसं, सगळी मास्क लावलेली. एक बाप मांडीवर पोरगी घेऊन बसला होता. मागे तन्वी उभी होती, तोंडावर हात ठेवून. माझे पाय जमिनीला चिकटले.

"शुभे," मागून हळू आवाज आला. "किती आलेत गं?"

मी आवाज मोठा केला.

"खचाखच भरलंय, ताई! बसायला जागा नाही! वर बाल्कनीतसुद्धा लोक उभे आहेत!"

पट्ट्यावरची तिची मूठ आवळली गेली. मला वाटलं, रडतेय बहुतेक.

"गधडे," ती म्हणाली, "या हॉलला बाल्कनी नाहीये."

आणि मागून माझ्या टाचेवर तिचा पाय आपटला. एकदाच! मी सोंड वर केली.